मेंदूत साचणारं तांबं आणि डॉ. किनियर विल्सन : एका आजाराच्या नावामागची गोष्ट

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. पुढच्याच वर्षी जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरांनी, पेनिसिलिनपासून मिळणारं पेनिसिलामाइन एका दुर्मीळ आजारावर उपयोगी पडतं, हे जगापुढे मांडलं. या आजारात अन्नातून आलेलं जादा तांबं शरीराबाहेर पडत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साचत जातं. याचं नाव विल्सन्स डिसीज. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते डॉक्टर मात्र हे औषध यायच्या १९ वर्षं आधीच वारले होते.

कोण होते विल्सन?

सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन यांचा जन्म ६ डिसेंबर १८७८ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात झाला. वडील आयरिश धर्मोपदेशक. ते लवकर गेले आणि कुटुंब स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला आलं. तिथेच विल्सन डॉक्टर झाले. पॅरिसमध्ये मेंदूविकारांचे धडे घेऊन १९०४ मध्ये ते लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले.

तिथे त्यांना काही तरुण रुग्ण भेटले. हात थरथरायचे, बोलणं अडखळायचं, घास गिळता येत नसे, अंग ताठ व्हायचं. काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत मृत्यू. शवविच्छेदनात मेंदूच्या आतल्या, हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागाची दोन्ही बाजूंना झीज दिसली. आणि यकृत गाठाळ, आकसलेलं! जिवंतपणी मात्र यकृताची तक्रार जाणवली नव्हती. विल्सन यांनी जुन्या रुग्णांच्या नोंदीही काढल्या. काही घरांत एकाहून अधिक भावंडं याच आजाराने गेली होती.

१९१२ मध्ये त्यांनी हे सगळं प्रबंधात मांडलं. एडिंबरो विद्यापीठाने त्यासाठी त्यांना सुवर्णपदक दिलं. तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते.

काय सापडलं, काय राहिलं?

यकृत आणि मेंदूचा संबंध त्यांनी अचूक पकडला. यकृतातून एखादं विष निघून मेंदूवर परिणाम करत असावं, असा त्यांचा कयास होता. पण ते विष म्हणजे तांबं, हे त्यांना उमगलं नाही. बुबुळाच्या कडेला दिसणारं तपकिरी-हिरवट कडं दोन जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १९०२-०३ मध्येच नोंदवलं होतं. ते तांब्याचंच असतं. विल्सन यांच्या प्रबंधात त्याचा उल्लेख नाही. आजार भावंडांत दिसतो, पण आनुवंशिक नाही, असंही त्यांचं मत होतं. तेही पुढे चुकीचं ठरलं.

१२ मे १९३७ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. मेंदूविकारांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४० मध्ये, त्यांच्या पश्चात निघाला. १९४८ मध्ये क्वीन स्क्वेअरच्याच जॉन कमिंग्ज यांनी रुग्णांच्या मेंदूत आणि यकृतात जादा तांबं असल्याचं दाखवलं. सदोष जनुक सापडलं ते १९९३ मध्ये.

जस्त कुठे कामाला येतं?

पेनिसिलामाइन साचलेलं तांबं लघवीवाटे बाहेर काढतं. जस्त, म्हणजे झिंक, दारातच पहारा देतं. जस्तामुळे आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढतं. ते अन्नातलं तांबं धरून ठेवतं आणि पेशी झडल्या की तांबं शौचावाटे निघून जातं. १९६१ मध्ये नेदरलँड्समध्ये हा उपाय प्रथम पुढे आला. पण म्हणून जस्ताच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत. मेंदूला आणि मज्जारज्जूला थोडं तांबंही लागतंच. दीर्घकाळ जादा जस्त घेतलं, तर तांब्याची कमतरता होऊन मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

तांब्याचा दुसरा धडा पुण्याने दिला. १९८०च्या दशकात केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत तान्ह्या मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यांतल्या दुधाशी जोडला. तो आजार वेगळा, पण धातू तोच.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

आई आणि वडील दोघांकडेही हे सदोष जनुक असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी, लग्न झालं असेल तर हा धोका वाढतो. म्हणून एका मुलाला विल्सन्स निघाला की त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी व्हायलाच हवी, ती ठणठणीत दिसत असली तरी. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट लॅम्पने डोळ्यांची तपासणी, यांवरून बरंचसं कळतं.

मुलाला वारंवार कावीळ होत असेल, अक्षर अचानक बिघडलं असेल, हात थरथरत असतील, तर डॉक्टरांना या आजाराबद्दल जरूर विचारा. निदान झालेल्यांनी तांब्याच्या भांड्यातलं पाणी टाळायचं आणि औषध आयुष्यभर चालू ठेवायचं. विल्सन यांनी पाहिलेल्या घरांत भावंडं एकामागून एक गेली, कारण तेव्हा उपाय नव्हता. आज वेळेत औषध सुरू झालं, तर त्याच आजाराची मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात.