अंध प्राध्यापकाची पाटी

केंब्रिज विद्यापीठातील गणिताच्या ल्यूकासियन आसनावर एके काळी न्यूटन विराजमान होता, हे सर्वश्रुत आहे. मात्र १७११ मध्ये जो प्राध्यापक त्या आसनावर आला तो पूर्णतः अंध होता, याचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

निकोलस सॉन्डरसन याचा जन्म १६८२ मध्ये यॉर्कशायरमधील थर्लस्टन या खेड्यात झाला. वर्षभराचा असतानाच देवीच्या रोगाने त्याची दृष्टी हिरावून नेली. वडील अबकारी खात्यात असल्याने आकडेमोड घरातच होती. पेनिस्टनच्या शाळेत तो ग्रीक व लॅटिन शिकला. युक्लिड, आर्किमिडीज त्याला इतरांनी वाचून दाखविले. १७०७ मध्ये तो केंब्रिजला गेला तो विद्यार्थी म्हणून नव्हे, शिकविण्यासाठी! न्यूटनचे प्रकाशशास्त्र, इंद्रधनुष्याची उपपत्ती हे विषय तो डोळस विद्यार्थ्यांना समजावून देई. प्राध्यापकपदासाठी पदवीची अडचण होती. राणी ॲनने एम.ए. बहाल करून ती दूर केली. आपल्याकडे अशी फाईल किती टेबलांवरून फिरली असती, याचा हिशेब कारकून बंधूंनीच करावा.

त्याची गणिताची पाटी मोठी विलक्षण होती. लाकडी फळीवर लहान चौकोन, प्रत्येकात नऊ छिद्रे. मधल्या छिद्रात मोठ्या डोक्याची टाचणी म्हणजे शून्य, लहान डोक्याची म्हणजे एक. दोन ते नऊ या अंकांसाठी मोठी टाचणी मध्ये आणि लहान टाचणी भोवतालच्या आठांपैकी ठरलेल्या छिद्रात. टाचण्यांभोवती दोरा गुंडाळला की भूमितीची आकृती बोटांखाली उभी राही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर भांडवली खर्च नगण्य. खरी गुंतवणूक होती ती त्याला वाचून दाखविणाऱ्यांच्या वेळेची. नेमकी तीच करावयास आपण कचरतो आणि अंध विद्यार्थ्यास गणितातून सूट देणे, विज्ञानाऐवजी कला शाखेकडे वळविणे यालाच सहानुभूती समजतो.

सॉन्डरसन १७३९ मध्ये वारला. त्याच्या बीजगणिताच्या ग्रंथात, १७४० मध्ये, त्याचा उत्तराधिकारी जॉन कोल्सन याने या पाटीचे रहस्य उलगडून छापले. परंतु ते वाचावयाचे कोणी? अंधांची पहिली शाळाच पॅरिसमध्ये निघाली ती त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. आज आपल्या अंधशाळांतून दिसते ती टेलर फ्रेम हे एकोणिसाव्या शतकातील वेगळे साधन. टाचण्या तिच्यातही आहेत. तिच्यावर बेरीज-गुणाकार होतात. उच्च गणितासाठी अब्राहम नेमेथ या अंध अमेरिकन गणितज्ञाची ब्रेल संकेतलिपी १९५२ पासून उपलब्ध आहे. ती शिकविणारा शिक्षक मात्र प्रत्येक शाळेला लागतो.