योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद. शाळकरी मुलींनी त्यांच्याकडून काय घ्यावं?

शाळेच्या मैदानावर ओळीने योगासनं करणाऱ्या मुली आज सगळीकडे दिसतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र योग हा साधू-बैराग्यांचा विषय मानला जायचा आणि व्यायाम तालमीतल्या मुलांचा. शाळकरी मुलींच्या वाट्याला सहसा दोन्ही येत नसे. हे चित्र बदलायला ज्यांच्या कामाचा मोठा हातभार लागला, ते म्हणजे स्वामी कुवलयानंद.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधल्या डभोईत, मराठी कुटुंबात झाला. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे धडे घेतले. पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले. अमळनेरला त्यांनी अध्यापनही केलं.

योगाचे फायदे सगळेच सांगत होते, पण ते मोजले कुणी होते? हाच प्रश्न गुणे यांनी धरून ठेवला. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था सुरू केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. क्ष-किरण आणि दाब मोजणारी यंत्रं वापरून तिथे योगक्रियांचा अभ्यास होऊ लागला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्याला गुरूंचं नाव दिलं.

विशेष म्हणजे, न पटणारे निष्कर्षही त्यांनी लपवले नाहीत. प्राणायामाने शरीराला खूप जास्त ऑक्सिजन मिळतो, हा समज प्रयोगात टिकला नाही. तेही त्यांनी मांडलं.

पुढे शाळांना सोयीचा पडावा म्हणून त्यांनी सामूहिक यौगिक व्यायामाचा क्रम तयार केला. यात फायदा कुणाचा? वयात येताच जिचं मैदान सुटतं, त्या मुलीचा. आसनांना ना आखाडा लागतो, ना महागडी साधनं. घरातली सतरंजीभर जागा पुरते.

नियमित आसनांमुळे लवचिकता आणि तोल सुधारतो, पाठ-पोटाच्या स्नायूंना बळ मिळतं. पण दमसास वाढवायला धावणं, पोहणं, खो-खो, कबड्डी हवीच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. संथ आसनांनी एवढी गरज भागत नाही. म्हणजे घरात योग करते म्हणून मुलीचं मैदान बंद करणं चुकीचंच.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचं निधन झालं. योगाबद्दलचा कुठलाही मोठा दावा कानावर आला, की तो मोजून पाहिलाय का, हे आधी विचारायचं. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे ते हेच.