पाच इनपुट, एक मिनिट: अपगार स्कोअर बनवणारी डॉक्टर

आज ॲप नाही, गॅजेटही नाही. आजच्या सिस्टिमला लागतं फक्त घड्याळ आणि कागद. तुमच्या जन्माची हॉस्पिटलची फाईल घरात असेल तर उघडून बघा, त्यात 'अपगार' नावाचा एक आकडा सापडू शकतो.

अपगार हे आडनाव आहे. डॉ. व्हर्जिनिया अपगार यांचा जन्म १९०९ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. १९३३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. व्हायचं होतं सर्जन, पण मंदीच्या काळात बाई सर्जनचा जम बसणं कठीण, म्हणून वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. १९४९ मध्ये त्या तिथल्या मेडिकल कॉलेजच्या पहिल्या महिला प्रोफेसर झाल्या.

भूलतज्ज्ञ म्हणून त्या लेबर रूममध्ये असायच्या. तेव्हा बाळ जन्मलं की सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं. बाळ मलूल आहे की ठीक, हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर. १९५२ मध्ये त्यांनी एक साधी पद्धत मांडली. जन्मानंतर एका मिनिटाने पाच गोष्टी बघायच्या: हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, डिवचल्यावरची प्रतिक्रिया आणि अंगाचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ मार्क, एकूण १०. हे नर्ससुद्धा करू शकते, मशीन लागत नाही.

मला सगळ्यात भारी वाटते ती त्यांची एक अट. बाळंतपण करणाऱ्याने स्वतः मार्क द्यायचे नाहीत. आपल्याच कामाला कमी मार्क कोण देईल? ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट केला की काय होतं, हे आमच्या फील्डमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

खरी परीक्षा पुढे होती. सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू अपगार यांच्या खास आवडीचा. पण स्कोअर आणि बाळांच्या रक्ताच्या तपासण्या शेजारी ठेवल्यावर दिसलं, की तो दिलेल्या आयांची बाळं जास्त मलूल असतात. त्यांनी बाळंतपणात तो वापरणं सोडून दिलं. दुसऱ्यांना बदला म्हणणं सोपं असतं हो!

पुढे पाचव्या मिनिटालाही स्कोअर घेण्याची पद्धत रुळली. आता श्वास न घेणाऱ्या बाळासाठी स्कोअरची वाट बघत नाहीत, उपचार आधीच सुरू होतात. आणि हो, कमी स्कोअर म्हणजे बाळ पुढे 'ढ' निघणार, असं अजिबात नाही. तो त्या क्षणाचा स्टेटस आहे, बस.

१९७४ मध्ये अपगार गेल्या. फावल्या वेळात त्या स्वतःच्या हाताने व्हायोलिन बनवायच्या.