पोलंडच्या पोरक्या मुलांना बाप मिळाला, तो जामनगरात

उल्हासनगरात कुणालाही पत्ता विचारा, तो आधी कॅम्प नंबर सांगणार. एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी छावणी उभी राहिली, फाळणीनंतर तिथं सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली आणि १९४९ साली वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. बदलापूर-अंबरनाथच्या लोकलनं रोज ये-जा करणाऱ्यांना हा इतिहास बऱ्यापैकी ठाऊक असतो.

अशीच एक छावणी कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही होती. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात, होलसेल कापडासाठी ते प्रसिद्ध आहे. तिथंही सिंधी कुटुंबंच आली. पण त्यांच्या आधी त्या बराकींमध्ये राहत होते पोलंडचे साधारण पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि लहान मुलं. त्यातली काही मुलं थेट पोलंड-रशियाकडून आलेली नव्हती. ती आली होती गुजरातच्या समुद्रकिनाऱ्यावरून, एका राजाच्या घरून.

तो राजा म्हणजे नवानगर संस्थानचे, म्हणजे आजच्या जामनगरचे, जामसाहेब दिग्विजयसिंहजी.

क्रिकेटवेड्यांना त्यांचे काका नक्की माहीत असतील. ज्यांच्या नावानं रणजी ट्रॉफी खेळली जाते ते रणजितसिंहजी. दिग्विजयसिंहजींचा जन्म १८९५ चा. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग इंग्लंडमध्ये शिक्षण झालं. पुढं ब्रिटिश फौजेत नोकरी केली आणि कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. १९३३ मध्ये काका गेले आणि गादी यांच्याकडं आली. क्रिकेट घरातच होतं, त्यामुळे काही काळ भारतीय क्रिकेट बोर्डाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडं होतं.

इथपर्यंत त्यांचं आयुष्य त्या काळच्या कुठल्याही संस्थानिकासारखंच आहे. शिकार, क्रिकेट, लंडनच्या वाऱ्या आणि इंग्रजांशी उत्तम संबंध. दुसऱ्या महायुद्धात चर्चिल सरकारच्या वॉर कॅबिनेटमध्ये हिंदुस्थानच्या वतीनं ते बसले. इकडं देशात चले जाव पेटत होतं आणि जामसाहेब इंग्रजांच्या बाजूनं युद्धाच्या कामात होते, हे लपवायचं कारण नाही. पण त्याच खुर्चीचा त्यांनी एका वेगळ्या कामासाठी उपयोग केला.

झालं असं की सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर आधी जर्मनीनं आणि दोनच आठवड्यांत सोव्हिएत रशियानं हल्ला केला. रशियानं आपल्या ताब्यातल्या भागातून लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवलं. थंडी, उपासमार आणि रोगराईनं माणसं मेली. मुलं मागं उरली. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिननं या पोलिश कैद्यांना सोडायचं कबूल केलं. पण सुटून जायचं कुठं? मायदेश तर जर्मनांच्या ताब्यात.

अनाथ मुलांचे जथे मध्य आशियात अश्गाबातपर्यंत आले. अंगावर चिंध्या, पोटात काही नाही, कुणाला मलेरिया. बऱ्याच जणांनी आई किंवा बाप डोळ्यांदेखत मरताना पाहिलेला. अशीच मुलं इराणच्या छावण्यांत पोचली, तेव्हा पोटभर जेवण मिळत असूनही ती उशीखाली पाव लपवून ठेवायची. उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता.

या मुलांना घ्यायला फारसं कुणी पुढं येत नव्हतं. जामसाहेबांनी स्वतःहून आपल्या संस्थानात जागा देऊ केली. यामागं जुनी ओळख होती असंही सांगतात. काका रणजितसिंहजींची स्वित्झर्लंडमध्ये पोलंडचे पियानोवादक आणि माजी पंतप्रधान पादेरेव्हस्की यांच्याशी मैत्री होती, त्यामुळे तो देश दिग्विजयसिंहजींना परका नव्हता.

१९४२ च्या वसंतात पहिली तुकडी निघाली. मुंबईतून मदतीचं सामान घेऊन जे ट्रक गेले होते, त्याच ट्रकमधून मुलं इराण आणि क्वेट्टामार्गे आली. आधी मुंबईत वांद्र्याला थोडे दिवस आणि मग जामनगरजवळच्या बालाचडीला. जामसाहेबांचा उन्हाळी महाल जिथं होता तो हा समुद्रकिनारा. बालाचडीत किती मुलं राहिली याचे आकडे वेगवेगळे सापडतात, सहाशेच्या पुढं ते हजारापर्यंत. खर्च एकट्या जामसाहेबांनी केला असं नाही. इतर संस्थानिकांनी आणि टाटांसारख्या उद्योगपतींनीही पैसे दिले.

मुलं आल्यावर जामसाहेबांनी त्यांना सांगितलं की आता तुम्ही अनाथ नाही, नवानगरचा राजा सगळ्यांचा बापू असतो, तसा तुमचाही. मुलं त्यांना बापूच म्हणू लागली.

राजानं असं बोलणं सोपं असतं. पण बालाचडीत ते रोजच्या वागण्यात दिसलं. मुलांना हिंदुस्थानी बनवायचा प्रयत्न कुणी केला नाही. शिक्षक पोलिश, शाळा पोलिश भाषेत, पोलिश पुस्तकांची लायब्ररी, प्रार्थनेसाठी पाद्री, पोलंडचा झेंडा. छावणीची व्यवस्थाही फादर फ्रान्तिशेक प्लुता या पोलिश पाद्र्याकडं होती. युद्ध संपल्यावर ही मुलं आपल्या माणसांत परतणार, तेव्हा ती परकी होऊन जायला नकोत, असा तो हिशोब होता. मुलं नाटक बसवायची आणि जामसाहेब बघायला यायचे. फुटबॉलचे सामने व्हायचे. पालकाचा किस्सा तर आजही सांगितला जातो. छावणीत पालकाची भाजी व्हायला लागली आणि मुलांनी जेवणावर बहिष्कार टाकला. जामसाहेबांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी पालक शिजवणंच बंद करायला लावलं. उपासमारीतून आलेली मुलं जेवण नको म्हणायला लागली, म्हणजे उद्याही मिळणार याची त्यांना खात्री झाली होती.

खरी परीक्षा युद्ध संपल्यावर आली. पोलंडमध्ये आता रशियाच्या पाठिंब्यावरचं कम्युनिस्ट सरकार होतं आणि ते मुलांना परत मागत होतं. ज्या रशियानं आईबाप हिरावले त्याच्याच छायेत परत जायचं, या कल्पनेनंच मुलं हादरली. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता आणि छावणीचं काम पाहणारे ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी मिळून या मुलांना कायद्यानं दत्तक घेतलं. आईबापाविना असलेल्या मुलाला सरकार मागू शकतं. पण कागदावर बाप असेल तर त्याला विचारावं लागतं. बापू हा शब्द असा कागदावर आला.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि उरलेली मुलं कोल्हापूरला वळिवड्याच्या मोठ्या छावणीत आली. तिथून १९४८ पर्यंत सगळे पांगले. काही पोलंडला गेले, बरेचसे इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत मग सिंधी कुटुंबं आली.

जामसाहेबांचं संस्थान भारतात विलीन झालं, १९४८ मध्ये ते सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले. ३ फेब्रुवारी १९६६ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

या उपकाराची परतफेड कशी करू, असं पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी विचारलं होतं, तेव्हा जामसाहेबांनी स्वतंत्र पोलंडमधल्या एखाद्या रस्त्याला आपलं नाव द्या म्हटलं होतं, असं सांगतात. कम्युनिस्ट राजवटीत ते शक्यच नव्हतं. १९९९ मध्ये वॉर्साच्या एका शाळेनं त्यांचं नाव घेतलं. रस्ता नाही, पण पुढं त्याच शहरात एक चौकही झाला. पाटीवर त्यांचं पूर्ण नाव नाही. त्याला म्हणतात भल्या महाराजाचा चौक.