विल्यम मुलहॉलंड

विल्यम मुलहॉलंड (११ सप्टेंबर १८५५ – २२ जुलै १९३५) हे अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पाणीपुरवठा खात्याचे प्रमुख व मुख्य अभियंता होते. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण न घेताही त्यांनी सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याचे पाणी सुमारे ३७५ किलोमीटर अंतरावरील शहरात आणले. संकटकाळासाठी राखीव साठा असावा म्हणून त्यांनी बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १९२८ मध्ये फुटले व चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यामुळे शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात त्यांच्या कार्याचा अभ्यास यश आणि अपयश या दोन्ही बाजूंनी केला जातो.

पूर्वायुष्य

मुलहॉलंड यांचा जन्म आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला व बालपण डब्लिनमध्ये गेले. वयाच्या पंधराव्या वर्षी घर सोडून ते व्यापारी जहाजावर खलाशी झाले. पुढे अमेरिकेत येऊन १८७७ साली ते लॉस एंजेलिसला पोहोचले. त्या वेळी ते सुमारे दहा हजार वस्तीचे गाव होते आणि लॉस एंजेलिस नदीचे पाणी उघड्या पाटांतून तेथे येत असे. १८७८ मध्ये गावाला पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपनीत त्यांना पाटकऱ्याचे काम मिळाले. दिवसा पाटातील गाळ व झाडोरा काढावा आणि रात्री गणित, जलशास्त्र व भूशास्त्रावरील पुस्तके वाचावीत, असा त्यांचा क्रम होता. १८८६ मध्ये ते कंपनीचे अधीक्षक झाले.

पाण्याचे मोजमाप

१९०२ मध्ये शहराने ही कंपनी विकत घेतली. नळांच्या जाळ्याचे पुरेसे नकाशे उपलब्ध नव्हते. कोठे किती व्यासाचा नळ व झडप आहे, याची बहुतेक माहिती मुलहॉलंड यांच्या स्मरणात होती. नव्या खात्याचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच आले. उधळपट्टी थांबवण्यासाठी त्यांनी नळांना मीटर बसवण्यास सुरुवात केली आणि दरडोई वापर घटला. मात्र १९०० मध्ये सुमारे १ लाख असलेली लोकसंख्या १९१० मध्ये ३ लाख १९ हजारांवर गेली. काटकसरीने मिळालेली सवड वाढत्या वस्तीपुढे अपुरी पडणार, हे स्पष्ट होते.

ओवेन्स खोऱ्यातील पाणी

१९०४ मध्ये शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी मुलहॉलंड यांना ओवेन्स नदीचे खोरे दाखवले. हे खोरे शहरापेक्षा उंचीवर असल्याने पंपाशिवाय, केवळ उताराने पाणी आणता येणार होते. ईटन यांनी तेथील जमिनी व पाणीहक्क मिळवले. केंद्र सरकारची सिंचन योजना आपल्या खोऱ्यात येईल, अशी शेतकऱ्यांची अपेक्षा होती. शहराचा हेतू त्यांना उशिरा कळला. मतदारांनी १९०५ मध्ये १५ लाख व १९०७ मध्ये २ कोटी ३० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. १९०८ मध्ये सुरू झालेले बांधकाम ठरलेल्या खर्चात पुरे होऊन ५ नोव्हेंबर १९१३ रोजी पाणी शहराच्या वेशीवर पोहोचले.

१९२०च्या दशकात पाऊस कमी झाला. शहराने खोऱ्यातील आणखी जमिनी घेतल्या व भूजल उपसले. ओवेन्स सरोवर आटले आणि शेती उजाड होऊ लागली. १९२४ व १९२७ मध्ये जलवाहिनीवर सुरुंगाचे स्फोट करण्यात आले. खोऱ्याच्या वरच्या भागात, लाँग व्हॅली येथे मोठे धरण बांधले असते, तर अवर्षणात शहर व शेती या दोहोंना आधार मिळाला असता, असे मत पुढे अनेकांनी मांडले. परंतु ती जमीन ईटन यांच्या ताब्यात होती आणि किमतीवरून दोघांचे संबंध कायमचे बिघडले.

सेंट फ्रान्सिस धरण

जलवाहिनी सॅन अँड्रियास भूभ्रंश ओलांडते. भूकंप, घातपात किंवा अवर्षण यांमुळे ती बंद पडल्यास शहराला सुमारे वर्षभर पुरेल इतके पाणी भूभ्रंशाच्या अलीकडे साठवावे, असे मुलहॉलंड यांचे धोरण होते. त्यासाठी बांधलेल्या जलाशयांपैकी सेंट फ्रान्सिस हा सर्वांत मोठा होता. काँक्रीटचे हे धरण १९२४ ते १९२६ या काळात बांधले गेले. साठवण वाढवण्यासाठी त्याची उंची दोनदा वाढवण्यात आली. पाया मात्र त्या प्रमाणात रुंद केला नाही. आराखड्याची तपासणी खात्याबाहेरील कोणत्याही तज्ज्ञाकडून झाली नाही.

१२ मार्च १९२८ रोजी सकाळी धरणाच्या रखवालदाराला नवी, गढूळ गळती दिसली. मुलहॉलंड यांनी सहकाऱ्यासह येऊन पाहणी केली आणि धोका नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच रात्री बाराच्या सुमारास धरण फुटले. सुमारे ४.७ कोटी घनमीटर पाणी वाटेतील वस्त्या व मळे उद्ध्वस्त करीत पहाटे पॅसिफिक महासागराला मिळाले. रखवालदार व त्याचा लहान मुलगा यांचाही बळींमध्ये समावेश होता.

चौकशीत मुलहॉलंड यांनी दोष दुसऱ्या कोणावरही न टाकता स्वतःकडे घेतला. चौकशी मंडळाने त्यांच्यावर गुन्हा ठेवला नाही. मात्र कितीही नामवंत असला तरी एकाच माणसाच्या निर्णयावर मोठ्या धरणाचे बांधकाम व देखभाल सोपवू नये, असा निष्कर्ष नोंदवला. धरणाचा पूर्वेकडील काठ प्राचीन दरडीवर टेकलेला होता, असे पुढील संशोधनात दिसून आले. त्या काळच्या भूशास्त्राला ही दरड ओळखता आली असती का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

अखेरची वर्षे व वारसा

दुर्घटनेनंतर त्याच वर्षी मुलहॉलंड निवृत्त झाले व उर्वरित आयुष्य त्यांनी बव्हंशी एकांतात घालवले. कॅलिफोर्नियाने १९२९ मध्ये कायदा करून धरणांची तपासणी राज्य शासनाच्या देखरेखीखाली आणली. हॉलिवूडजवळील त्यांच्याच नावाच्या धरणात पाण्याची पातळी कमी ठेवण्यात आली व त्याला मातीच्या भरावाचा आधार देण्यात आला. ज्या कोलोरॅडो नदीच्या योजनेची पाहणी त्यांनी १९२३ मध्ये सुरू केली होती, तिचे पाणी १९४१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात पोहोचले. ओवेन्स खोऱ्यातून येणारी जलवाहिनी आजही वापरात आहे. आटलेल्या सरोवराची धूळ बसवण्यासाठी शहराला त्याच पाण्यातील काही वाटा आता तेथे सोडावा लागतो.