टायरवरचे नाव : जॉन बॉइड डनलॉप

साठच्या दशकातील ब्रिटिश स्पोर्ट्स कार हौसेने जपणाऱ्यांना एका खर्चाचा विचार टाळता येत नाही, तो म्हणजे टायरचा. 1961 मध्ये बाजारात आलेल्या जग्वार ई-टाइपच्या सुरुवातीच्या गाड्या डनलॉपच्या आरएस-5 या क्रॉसप्लाय टायरवर धावत असत. त्या काळच्या नमुन्याबरहुकूम बनवलेले टायर आजही मिळतात. पण त्यांचे उत्पादन मोजकेच होत असल्याने ते साध्या टायरपेक्षा बरेच महाग पडतात. मग पैसे नावाला मोजायचे की कामाला, असा पेच उभा राहतो. ज्या गृहस्थाचे नाव या टायरवर कोरलेले असते, त्याच्या आयुष्यात नाव आणि काम यांची फारकत फार लवकर झाली होती.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. प्रकृती नाजूक असल्याची समजूत लहानपणापासून मनात बसल्याने ते जन्मभर जपून वागले. एडिंबरोला पशुवैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून ते वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच पदवीधर झाले. 1867 मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्टमध्ये त्यांनी जम बसवला आणि तेथील त्यांचा पशुवैद्यकीय व्यवसाय आयर्लंडमधील मोठ्या व्यवसायांत गणला जाऊ लागला. 1871 मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली. चाकांचा किंवा यंत्रांचा धंदा त्यांनी तोवर कधी केला नव्हता.

1887 मध्ये त्यांच्या मुलाकडे एक तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांना भरीव रबराच्या पट्ट्या होत्या आणि बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर ती खडखडत चाले. हा त्रास कमी करण्यासाठी डनलॉप यांनी सुमारे 96 सेंटीमीटर व्यासाची लाकडी चकती घेतली, पातळ रबराची नळी करून तिच्याभोवती बसवली, तीत हवा भरली आणि वरून कापड गुंडाळून ती पक्की केली. मग सायकलचे जुने चाक आणि ही चकती त्यांनी अंगणात एकापाठोपाठ ढकलून पाहिली. जुने चाक थोड्याच अंतरावर आडवे झाले. हवेवरची चकती मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळली आणि तेथून उसळून मागे आली. मुलाचे हादरे कमी करण्यासाठी केलेल्या प्रयोगातून लक्षात आले ते असे की, त्याच जोरात हवेचे चाक अधिक दूर जाते.

7 डिसेंबर 1888 रोजी त्यांना पेटंट मिळाले. बेलफास्टच्या सायकल क्लबचा कर्णधार विली ह्यूम याने हवेच्या टायरची सायकल विकत घेतली आणि 18 मे 1889 रोजी क्वीन्स कॉलेजच्या मैदानावरील सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. पराभूत स्पर्धकांत डब्लिनमधील कागदाचे व्यापारी हार्वे डू क्रॉस यांचे मुलगे होते. मुलांच्या पराभवामागचे कारण डू क्रॉस यांनी अचूक हेरले आणि त्याच वर्षी या टायरसाठी कंपनी उभी केली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीला दिले आणि मोबदल्यात 1,500 शेअर घेतले.

दोनच वर्षांत त्या पेटंटचा आधार निखळला. रॉबर्ट विल्यम थॉम्सन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने 1845 मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते आणि 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून दाखवलीही होती. थॉम्सन यांची चाके उत्तम चालत, पण तसे पातळ रबर तेव्हा सहज मिळत नव्हते आणि चाके फार महाग पडत. अखेर ते भरीव रबराकडे वळले आणि त्यांचे संशोधन विस्मृतीत गेले. डनलॉप यांना त्याची कल्पना नव्हती. तरीही कायद्याच्या दृष्टीने कल्पना जुनी ठरली आणि त्यांचे पेटंट बाद झाले. चाळीस वर्षांपूर्वी परवडले नाही म्हणून मागे पडलेले चाक आता चालले, कारण मधल्या काळात सायकल आली होती. वाहन हलके होते आणि त्यासाठी पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार होते.

कंपनी तरली ती इतरांच्या पेटंटांवर. डनलॉप यांचा मूळ टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की तो सोडवून पुन्हा बसवणे हे कटकटीचे काम होते. चार्ल्स वेल्च आणि विल्यम बार्टलेट यांनी 1890 मध्ये स्वतंत्रपणे चाकावरून सहज निघणाऱ्या टायरची रचना शोधली. कंपनीने ते हक्क विकत घेतले आणि दुरुस्ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. 1895 मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी मोटारीला हवेचे टायर लावले. वाटेत ते वारंवार फुटले आणि गाडी शेवटी पोहोचली. तरी मोटारीलाही हवेवर धावता येते, एवढे सिद्ध झाले.

त्याच सुमारास डनलॉप कंपनीतून बाहेर पडले होते. 1896 मध्ये डू क्रॉस यांनी ती टेरा हूली या धनिकाला 30 लाख पौंडांना विकली आणि हूलीने ती लगेच 50 लाख पौंडांना बाजारात आणली. या उलाढालीत डनलॉप यांच्या वाट्याला काही मोठी रक्कम आली नाही. ते डब्लिनमध्ये स्थायिक झाले आणि कापडाच्या व्यवसायात त्यांनी भागीदारी ठेवली. कंपनी मात्र त्यांच्या नावावर वाढत राहिली. पुढे तिने जाहिरातींत उंच हॅट आणि काठी असलेला एक छानछोकी वृद्ध दाखवायला सुरुवात केली. त्यात आपली थट्टा होते, असे साध्या राहणीच्या डनलॉप यांना वाटले आणि स्वतःचेच नाव लावणाऱ्या कंपनीविरुद्ध ते न्यायालयात गेले. हे प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले. पैशासाठी न भांडलेला हा माणूस नावासाठी मात्र भांडला.

23 ऑक्टोबर 1921 रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. मागे राहिलेली त्यांची मालमत्ता दहा हजार पौंडांच्या आत होती. हवेच्या टायरचा त्यांनी लिहून ठेवलेला इतिहास त्यांच्या मुलीने नंतर प्रसिद्ध केला. पुढच्या काळात त्यांचे नाव जगभर गेले; 1936 मध्ये हुगळीकाठच्या साहागंज येथे कारखाना निघाला आणि भारतातील कित्येक पिढ्यांच्या तोंडी टायर म्हटले की डनलॉप हेच नाव बसले.

त्या नावाची मालकी त्यानंतर अनेकदा बदलली. त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स कारसाठी टायर निवडताना नावापेक्षा डनलॉप यांची अंगणातील कसोटी अधिक उपयोगी पडते: चाक प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहावे. प्रदर्शनात मूळ रूप राखायचे असेल तर महाग क्रॉसप्लायला अर्थ आहे. रस्त्यावर चालवायची असेल तर योग्य मापाचा रेडियल बहुधा स्वस्त पडतो आणि ओल्या रस्त्यावर अधिक विश्वासाचा ठरतो. 165आर14 सारख्या मापात एमजीबीच्या मालकाला परवडणारे पर्याय मिळू शकतात. मात्र टायरची भार आणि वेगाची क्षमता गाडीला साजेशी हवी, एका गाडीत रेडियल आणि क्रॉसप्लाय यांची सरमिसळ नको आणि टायरच्या बाजूवरील चार आकडी तारीख वाचायलाच हवी. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी कोरी दिसणारा जुना टायर स्वस्तात मिळाला, तरी आतून कडक झालेले रबर ऐनवेळी दगा देते. तारेच्या आऱ्यांच्या चाकांत तर आजही सहसा आत ट्यूब घालावी लागते. बेलफास्टच्या पशुवैद्याने मुलाच्या सायकलला बसवलेली ती रबरी नळी अशी अजून वापरात आहे.