भास्कराचार्य (दुसरे)

भास्कराचार्य (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील गणिती व ज्योतिर्विद होते. सातव्या शतकातील त्याच नावाच्या गणितज्ञापासून वेगळे ओळखण्यासाठी त्यांना दुसरे भास्कराचार्य म्हणतात.

जीवन

त्यांचे गोत्र शांडिल्य. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होत. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतः नोंदविले आहे. हे गाव नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि चाळीसगावजवळील पाटण येथे सापडलेल्या शिलालेखामुळे या घराण्याचे खानदेशाशी असलेले नाते निश्चित होते. वयाच्या ३६व्या वर्षी, शके १०७२ मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ उतारवयातील, शके ११०५ मधील आहे.

अपूर्णांक आणि धन-ऋण विचार

लीलावतीत पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचे दोन प्रकार येतात : अंश मिळविलेला तो भागानुबंध आणि अंश वजा केलेला तो भागापवाह. रीत दोन्हींची एकच आहे. पूर्णांकास छेदाने गुणावे. अंश धन असेल तर मिळवावा, ऋण असेल तर वजा करावा. ग्रंथातील उदाहरणात पावाने अधिक दोन आणि पावाने उणे तीन या संख्या दिल्या आहेत. त्यांची रूपे अनुक्रमे ९/४ व ११/४ होतात. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये, कारण सव्वादोन आणि पावणेतीन या शब्दांत हेच दोन प्रकार आजही जिवंत आहेत. छेद समान झाल्यावर बेरीज २०/४, म्हणजे पाच येते. सव्वादोनातून पावणेतीन वजा केल्यास ऋण अर्धा उरतो.

असे ऋण उत्तर आले तर त्याचे काय करावयाचे? चिन्हांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच सांगितले होते. भास्कराचार्यांनी बीजगणिताच्या आरंभी ते पुन्हा मांडले : सजातीय चिन्हांची बेरीज, विजातीयांचे अंतर, आणि वजा करावयाच्या संख्येचे चिन्ह पालटून बेरीज. ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू देण्याची पद्धत होती. मात्र ऋणाचा अर्थ लावण्यात त्यांची खरी कसोटी लागली. लीलावतीतील एका त्रिकोणाच्या भुजा १० व १७ आणि पाया ९ आहे. लंबामुळे होणारे पायाचे खंड १५ आणि ऋण ६ येतात. येथे त्यांनी उत्तर टाकून दिले नाही; ऋण म्हणजे उलट दिशा, असा अर्थ त्यांनी केला. लंब पायाच्या बाहेर पडतो, हे आकृती काढताच दिसते.

बीजगणितातील वानरांच्या उदाहरणात मात्र ते सावध आहेत. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून केलेला वर्ग गुहेत गेला आणि एक वानर बाहेर दिसला. समीकरणातून ५० आणि ५ अशी दोन उत्तरे निघतात. पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले की ऋण दोन. वानरांची ऋण संख्या लोकांना पटणारी नाही म्हणून त्यांनी ५ हे उत्तर अग्राह्य ठरविले. एकाच गणितज्ञाने केलेले हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतील. पण दिशेला उलट बाजू असते, वानरांना नसते.

चक्रवाल पद्धतीने अनिश्चित वर्गसमीकरणे सोडविणे हेही त्यांचे महत्त्वाचे कार्य मानले जाते.

वंशज व ग्रंथप्रसार

पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या आश्रयास होता. नातू चांगदेव हा सिंघणाचा राजज्योतिषी. त्याने पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. शके ११२८चा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असून त्यात मठाला द्यावयाच्या दानाची नोंद आहे, म्हणून भाषेच्या अभ्यासकांनाही तो मोलाचा वाटतो.

अकबराच्या दरबारातील फैजीने इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती अडकून तिचा विवाहमुहूर्त चुकला, ही कथा तेथूनच पसरली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिला आधार नाही. इ.स. १८१७ मध्ये कोलब्रुकने लीलावती व बीजगणित इंग्रजीत आणले.